कनेक्टिंग रॉडचा बोल्ट नेमका किती आवळायचा?

माझ्या जुन्या पद्मिनी गाडीचं इंजिन लाकडी ठोकळ्यांवर उलटं ठेवलं होतं. संप, म्हणजे तळाचं तेलाचं भांडं, काढलेला, आणि इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, क्रँक, समोर उघडा. पिस्टनला क्रँकशी जोडणारे चार कनेक्टिंग रॉड, प्रत्येकाला दोन बोल्ट, म्हणजे आठ नट सोडायचे होते. सात नटांना चांगला जोर लागला. पाना थोडा वेळ अडून राहायचा आणि मग ‘कट्’ असा आवाज करून नट सुटायचा. तिसऱ्या सिलिंडरचा एक नट मात्र आवाजही न करता फिरला.

मिस्त्रीकाकांनी हात थांबवला. रॉडला खालून क्रँकवर धरून ठेवणारा अर्धगोल तुकडा, म्हणजे कॅप, त्यांनी वेगळी काढली, आतला बेरिंगचा शेल, म्हणजे रॉड आणि क्रँकच्या मधली अर्धगोल पत्री, उलटा करून पाठीकडून उजेडात धरला आणि माझ्या हातात दिला. रॉडच्या गाळ्यात टेकून बसणाऱ्या त्या बाजूवर आरशासारखी चकचकीत ठिगळं पडली होती, त्यांच्या कडेला काळपट-तपकिरी डाग होते. शेजारच्या रॉडचा शेल पाठीकडून सगळीकडे एकसारखा करडा होता. गाडी चालताना ती तिसरी कॅप हलत होती. केसाच्या जाडीपेक्षाही कमी, पण क्रँकच्या फेऱ्याफेऱ्याला. “हा नट नंतर सुटलेला नाही,” काका म्हणाले, “हा आधीपासूनच नीट आवळलेला नव्हता.”

ते इंजिन माझ्याकडे येण्याआधी कुठेतरी एकदा खोललं गेलं होतं. कोणी खोललं ते महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की आवळणाऱ्याला तो नट घट्टच वाटला असणार. नट ‘घट्ट वाटणं’ आणि बोल्टमध्ये खरोखर ताण येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रॉडच्या बोल्टच्या बाबतीत या दोहोंत गल्लत झाली तर इंजिनाचा ब्लॉक फुटतो. जुनी गाडी हौसेनं उभी करणाऱ्या प्रत्येकाला हा फरक नीट कळावा अशी माझी मनापासूनची इच्छा आहे, म्हणून हा लेख.

बोल्टवर ओढ कुठून येते?

पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात ती १९६४ पासून ‘डिलाइट’, मग ‘प्रेसिडेंट’ आणि पुढे ‘पद्मिनी’ या नावानं बनत राहिली. मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. इंजिन १०८९ सीसीचं, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६८ मिलिमीटर, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली जातो ते अंतर, ७५ मिलिमीटर. ही मापं फियाटच्या १९३७ सालच्या इंजिनापासून चालत आलेली आहेत. बोअरपेक्षा स्ट्रोक मोठा, जुन्या वळणाचं इंजिन.

हा ७५ मिलिमीटरचा आकडा लक्षात ठेवा. इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असेल तर पिस्टन मिनिटाला १०,००० वेळा थांबतो आणि उलटा फिरतो. दोन थांब्यांच्या मध्ये त्याचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या घरात पोचतो, आणि हे सगळं बोटभर अंतरात. वर जाणाऱ्या पिस्टनला वरच्या टोकाला थांबवून खाली खेचायचं काम रॉडचं आहे. रॉडला क्रँकशी धरून ठेवायचं काम कॅपचं, आणि कॅपला धरून ठेवायला आहेत ते फक्त दोन बोल्ट.

हिशोब करून पाहू. पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचा वरचा भाग मिळून समजा अर्धा किलो वजन झालं. ५००० फेऱ्यांना वरच्या टोकावर पिस्टनला थांबवण्यासाठी जो झटका लागतो तो गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १३०० पट असतो. म्हणजे अर्ध्या किलोच्या पिस्टनची ओढ साडेसहाशे किलोच्या आसपास जाते. रॉडच्या खालच्या जाड भागाची ओढ वेगळी. सगळं मिळून पाऊण टनाच्या वर.

इथे बऱ्याच जणांचा एक गैरसमज असतो. त्यांना वाटतं, पेट्रोलचा भडका उडतो तेव्हा रॉडच्या बोल्टवर सगळ्यात जास्त ताण येतो. प्रत्यक्षात भडक्याच्या वेळी पिस्टन रॉडला खाली दाबतो. रॉड क्रँकवर दाबला जातो, आणि कॅपवर, पर्यायानं बोल्टवर, ओढ येतच नाही. बोल्टची खरी परीक्षा होते ती एक्झॉस्ट स्ट्रोकच्या, म्हणजे जळका वायू बाहेर ढकलणाऱ्या फेरीच्या, शेवटी. तेव्हा वरच्या बाजूला दाबून धरणारा गॅस नसतो, व्हॉल्व्ह उघडे असतात, आणि पिस्टनचा सगळा झोक त्या दोन बोल्टवर येतो.

म्हणून खंबाटकीच्या उतारावर पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढून गाडी घाईनं खालच्या गिअरमध्ये टाकली आणि इंजिन किंचाळलं, तर तो क्षण बोल्टसाठी चढणीवर भरगच्च सामान ओढण्यापेक्षा वाईट असतो. ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५००० चे ६००० फेरे झाले तर ओढ ४४ टक्क्यांनी वाढते.

बैलगाडीची धाव आणि बोल्टचा ताण

आता मुख्य मुद्दा. बोल्ट दोन तुकडे ‘अडकवून’ ठेवतो असं आपण समजतो. खरं तर बोल्ट ही स्प्रिंग आहे, फार कडक स्प्रिंग. नट आवळला की बोल्ट लांब होतो, आणि लांब झालेला बोल्ट परत आखडायला बघतो. त्या आखडण्याच्या जोरानं तो कॅप आणि रॉड एकमेकांवर दाबून धरतो.

ज्यांनी गावाकडे लोहाराला बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिलं आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको. लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात. ती गोवऱ्यांच्या आगीत लालभडक तापवली की प्रसरण पावते, मग सांडशीनं उचलून चाकावर बसवतात आणि वरून पाणी ओततात. वाफेचा लोट उठतो, धाव आखडते, आणि लाकडाचे सुटे तुकडे करकरत एकमेकांत रुतून बसतात. धाव तेव्हा ताणलेली असते, आणि चाक एकसंध राहतं ते त्या ताणामुळे. तीच धाव उन्हाळ्यात लाकूड आटल्यावर ढिली पडते. मग चाक खडखडतं, आरे हलायला लागतात, आणि गडी चाक नेऊन पाण्यात टाकतो. धाव तुटलेली नसते, तिचं लोखंडही तेच असतं. गेलेला असतो तो फक्त ताण.

रॉडचा बोल्ट तसाच. उदाहरणाला ८ मिलिमीटर जाडीचा, १ मिलिमीटर आट्यांचा आणि १०.९ दर्जाच्या पोलादाचा बोल्ट घेऊ. प्रत्येक गाडीचा बोल्ट वेगळा असतो, हा नुसता हिशोबापुरता. कायमचा न लांबता तो सुमारे ३.३ टन ताण सोसतो. आपण त्याला त्याच्या तीनचतुर्थांश, म्हणजे अंदाजे अडीच टनांवर ताणून ठेवतो. हा ताण यायला साधारण ४० मिलिमीटरचा बोल्ट किती लांबतो? एक दशांश मिलिमीटरच्या आसपास. वहीच्या कागदाची जाडी असते ना, तेवढाच. सगळा खेळ त्या कागदाच्या जाडीचा आहे.

मग पाऊण टनाच्या ओढीसाठी दोन बोल्टमध्ये मिळून पाच टनांचा ताण कशाला? याची कारणं बरीच आहेत. बेरिंगचे शेल त्यांच्या गाळ्यापेक्षा किंचित मोठे असतात, कॅप आवळताना ते चेपून बसवावे लागतात, त्यात बराच ताण खर्च होतो. रॉड धावताना किंचित वाकतो आणि दोन बोल्टवर ओढ सारखी वाटली जात नाही. पण सगळ्यात मोठं कारण म्हणजे थकवा.

टेम्पोवर पोती बांधणाऱ्या हमालाला विचारा. दोरी करकचून आवळलेली असेल तर खड्ड्यातून जाताना मालही हलत नाही आणि दोरीही हलत नाही. तीच ढिली असेल तर प्रत्येक खड्ड्याला हिसका बसतो, आणि पन्नासाव्या नाही तर शंभराव्या हिसक्याला ती तुटते. बोल्टचंही तसंच. कॅप आणि रॉड अडीच-अडीच टनांनी एकमेकांवर दाबलेले असताना पिस्टननं ओढलं, तर ती ओढ मुख्यतः तो दाब कमी करण्यात जाते. बोल्टच्या वाट्याला तिचा थोडाच हिस्सा येतो, त्याच्या ताणात फारसा चढउतार होत नाही. पण आधीचा ताण कमी असेल तर कॅप आणि रॉडमध्ये सूक्ष्म फट पडते, आणि फट पडली की पुढची सगळी ओढ थेट बोल्टवर. ५००० फेऱ्यांना असे हिसके मिनिटाला हजारोंनी बसतात. लोखंडी तार पुढेमागे वाकवून आपण जशी तोडतो, तसा तो बोल्ट तुटतो. ताकद कमी पडली म्हणून नाही, थकला म्हणून.

म्हणून रॉडचा तुटका बोल्ट हातात आला की ‘कोणीतरी जास्तच आवळला असेल’ हा पहिला निष्कर्ष पुष्कळदा चुकीचा निघतो. अनेकदा तो कमी आवळलेला असतो. आमच्या तिसऱ्या सिलिंडरच्या शेलवरची चकचकीत ठिगळं त्याच वाटेवरची होती. ते इंजिन आणखी काही हजार किलोमीटर चाललं असतं, तर एक दिवस रॉड ब्लॉकची भिंत फोडून बाहेर आला असता.

टॉर्क रेंच ताण मोजत नाही

एवढं कळल्यावर वाटतं, चला, टॉर्क रेंच आणला की काम झालं. इथेच सगळ्यात फसवी जागा आहे.

आपल्याला हवा असतो बोल्टमधला ताण, पण टॉर्क रेंच मोजतो तो पीळ, म्हणजे नट फिरवायला लागणारा जोर. त्या जोरातला साधारण निम्मा नटाच्या बुडाशी होणाऱ्या घर्षणात जातो, उरलेल्यातला मोठा भाग आट्यांच्या घर्षणात. बोल्ट ताणण्याच्या खऱ्या कामाला दहा टक्क्यांच्या आसपासच उरतो. शंभरातले नव्वद रुपये वाटेतच खर्च होतात. वाटेतला खर्च थोडा जरी कमीजास्त झाला, तरी हातात पडणाऱ्या दहा रुपयांचे कधी पंधरा होतात तर कधी पाच.

मघाच्याच बोल्टचं गणित करू. कोरड्या, स्वच्छ आट्यांना अडीच टन ताण यायला सुमारे ३९ न्यूटन-मीटर पीळ लागतो. आता कोणी त्याच आट्यांना इंजिन ऑइल लावलं आणि रेंच मात्र ३९ वरच ठेवला. घर्षण कमी झालं, त्यामुळे ताण ३.३ टनांवर गेला, म्हणजे बोल्ट सुरक्षिततेच्या अगदी काठावर. तिसऱ्यानं चांगलं म्हणून मॉलिब्डेनमची काळी पेस्ट लावली आणि आकडा तोच ठेवला. आता ताण ४ टनांच्या वर, बोल्ट कायमचा लांबला आणि तुटण्याच्या उंबरठ्यावर आला. तिघांचा रेंच एकच, ठरलेला पीळ आल्यावर रेंच करतो तो ‘टक्’ आवाजही तिघांना तोच ऐकू आला, पण बोल्ट मात्र तीन वेगळ्या अवस्थांत.

यावरून पहिला नियम निघतो. तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला आकडा एकटा वाचू नका. आटे कोरडे ठेवायचे की तेल लावायचं, आणि कुठलं तेल, हे त्या आकड्याचंच अर्धं अंग आहे. बोल्ट बाजारातले, दुसऱ्या कंपनीचे असतील तर मॅन्युअल बाजूला ठेवून बोल्ट बनवणाऱ्यानं दिलेला आकडा आणि त्यानंच सांगितलेलं वंगण वापरा. तेल लावायचं असेल तर आट्यांना आणि जो भाग फिरतो त्याच्या बुडाला, दोन्हीकडे. नट फिरवत असाल तर नटाखाली, बोल्टचं डोकं फिरवत असाल तर डोक्याखाली. निम्मं घर्षण तिथे आहे आणि नेमकी तीच जागा बरेच जण कोरडी सोडतात.

आकड्याच्या एककाची गडबड तर विचारूच नका. इटालियन वळणाच्या गाड्यांच्या पुस्तकात किलोग्रॅम-मीटर, इंग्रजी गाड्यांच्या पुस्तकात फूट-पाउंड, आणि आज दुकानात मिळणाऱ्या रेंचवर न्यूटन-मीटर. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर किंवा ७.२३ फूट-पाउंड. ३० फूट-पाउंड म्हणजे जवळजवळ ४१ न्यूटन-मीटर. पुस्तकातले ३० घेऊन रेंचवर ३० न्यूटन-मीटर लावले तर बोल्ट चौथ्या हिश्श्याहून जास्त ढिला राहिला, आणि आवळणाऱ्याच्या मनात शंकाही नाही. मी हे रूपांतर आधी कागदावर लिहितो, कोणाकडून तरी एकदा तपासून घेतो आणि तो कागद इंजिनाशेजारी चिकटवतो.

हाताच्या अंदाजाबद्दल दोन शब्द. मिस्त्रीकाकांचा हात पन्नास वर्षांचा आहे आणि त्या हाताचा मला आदर आहे. व्हॉल्व्हची सेटिंग ते कानानं करतात आणि ती बरोबर निघते. पण रॉडच्या बोल्टला ते स्वतः रेंच लावल्याशिवाय राहत नाहीत. “हाताला पीळ कळतो,” ते सांगतात, “आतली ओढ नाही कळत.” एवढं नेमकं मी कुठल्या पुस्तकातही वाचलेलं नाही.

आवळण्याआधीची तयारी

घाई होते ती इथेच. इंजिन बोअर होऊन आलेलं असतं, क्रँक ग्राइंड होऊन आलेला असतो, आणि आता एकदाचं जोडून टाकू असं वाटतं.

पहिली गोष्ट, कॅप आणि रॉडची जोडी मोडायची नाही. कारखान्यात रॉड आणि कॅप एकत्र आवळूनच तो गोल गाळा कापलेला असतो. एकाची कॅप दुसऱ्याला किंवा तीच कॅप उलटी बसवली तर गाळा गोल राहत नाही. रॉड आणि कॅपवर आकडे किंवा खुणा असतात, त्या एकाच बाजूला आल्या पाहिजेत. खुणा दिसत नसतील तर सोडायच्या आधीच स्वतः करा. ठोक्यानं खोल खड्डे मात्र पाडू नका, तिथून तडा जाऊ शकतो. रंगाचा ठिपका पुरतो.

मग बोल्ट. जुने वापरायचे की नवे आणायचे? माझं मत स्पष्ट आहे: मिळत असतील तर नवेच. आख्ख्या इंजिनाच्या खर्चात आठ बोल्टची किंमत नगण्य, आणि जुन्या बोल्टनं आयुष्यात काय काय सोसलं आहे ते बघून कळत नाही. जुनेच वापरायची वेळ आली तर मायक्रोमीटर हवाच. प्रत्येक बोल्टची सुटी लांबी मोजून लिहून ठेवा, म्हणजे पुढे कधी सोडल्यावर परत मोजता येईल. ०.०२५ मिलिमीटर, म्हणजे एक थाउ (इंचाचा हजारावा भाग) इतकी जरी कायमची वाढ दिसली, तरी तो बोल्ट बाद. आटे एकावर एक सहज फिरले पाहिजेत. बोल्टची मान मध्येच बारीक झालेली वाटली, आट्यांच्या मुळाशी गंज दिसला किंवा कुठे ओरखडा असला तरी बाद. ज्या बोल्टच्या बाबतीत कंपनीनं एकदाच वापरा असं सांगितलेलं असतं, ते आवळतानाच मुद्दाम लवचीकतेच्या पलीकडे ताणलेले असतात. ते परत वापरायचा विचारच नको.

नाना पेठेत किंवा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात त्याच मापाचा, डोक्यावर १०.९ छापलेला बोल्ट मिळतो. तो रॉडला लावू नका. पोलाद कदाचित चालेल, घडण चालणार नाही. रॉडच्या बोल्टची मधली दांडी अनेकदा मुद्दाम बारीक केलेली असते, म्हणजे तो जास्त स्प्रिंगसारखा वागतो. डोक्याखालचा कोपरा गोलसर असतो, आटे कापलेले नसून दाबून उमटवलेले असतात, आणि दांडीचा एक भाग कॅपला जागेवर बसवणारी खुंटी म्हणून काम करतो. यातलं काहीच साध्या बोल्टमध्ये नसतं.

नवे बोल्ट घातले की एक गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात. बोल्टचा ताण बदलला की रॉडचा गोल गाळाही सूक्ष्म बदलतो. त्यामुळे नवे बोल्ट घालून, शेल न बसवता, पूर्ण पीळ देऊन मशीन शॉपमधून गाळ्याचं माप घ्या, आणि गोल नसेल तर तो दुरुस्त करून घ्या. जुने बोल्ट ठोकून काढताना कडेला लोखंडाची कूस उभी राहते, तीही त्याच वेळी साफ होते. बोल्टचं डोकं त्या कुशीवर टेकलं तर तिरपं बसतं, आणि तिरपं बसलेलं डोकं म्हणजे थकव्याला आमंत्रण.

आटे स्वच्छ हवेत. रॉकेलनं धुवा, ब्रश फिरवा, हवेनं फुंकून कोरडे करा. आटे पाडायचं हत्यार, टॅप, फिरवायचा मोह आवरा. कापणारा टॅप घर्षण तर बदलतोच, धातूही खरवडून नेतो.

प्रत्यक्ष आवळताना

शेल बसवले, जर्नलवर, म्हणजे क्रँकच्या ज्या गुळगुळीत भागावर रॉड बसतो त्यावर, तेल लावलं, खुणा जुळवून कॅप ठेवली. दोन्ही नट आधी हातानं टेकवा. मग छोट्या पान्यानं हलकेच, एकदा इकडचा, एकदा तिकडचा. कॅप सरळ खाली गेली पाहिजे. त्यानंतर रेंच: आधी ठरलेल्या पिळाच्या निम्म्यावर दोन्ही नट, मग तीनचतुर्थांशावर दोन्ही, शेवटी पूर्ण. नवे बोल्ट असतील तर पहिल्यांदा आवळताना आटे खरखरीत असतात, घर्षण जास्त असतं, आणि ताण कमी येतो. त्यामुळे बोल्ट बनवणाऱ्यानं सांगितलं असेल तर पूर्ण आवळून, सोडून, पुन्हा आवळून असे दोन-तीन फेरे द्या. आटे एकमेकांशी घासून गुळगुळीत होतात आणि मग आकडा खरा बोलायला लागतो.

शेवटची ओढ देताना हात थांबवू नका. हे मी पुन्हा सांगतो, कारण बरेच जण इथे चुकतात. थांबलेल्या नटाला हलवायला चालत्या नटापेक्षा जास्त जोर लागतो. दारात अडकलेलं कपाट पहिल्यांदा हलायला जीव घेतं, मग सरकत जातं, तसं. पाव फेऱ्यात मध्ये थांबलात, आणि पुन्हा ओढल्यावर रेंचनं लगेच ‘टक्’ केलं, तर तो आवाज ताणाचा नसून अडकलेल्या नटाचा असतो. ताण अजून आलेलाच नाही. अशा वेळी नट अर्धा फेरा सोडा आणि एका सलग, शांत ओढीत पुन्हा आवळा. झटका द्यायचा नाही, आणि एकदा ‘टक्’ झालं की खात्रीसाठी दोन-तीन वेळा पुन्हा ‘टक् टक्’ करायचं नाही. प्रत्येक वेळी नट थोडा पुढे सरकू शकतो.

तुमचा आकडा ज्याच्या मापांच्या मधोमध येईल असा रेंच निवडा. फार मोठा रेंच घेऊन त्याच्या सगळ्यात खालच्या पाचव्या हिश्श्यात काम केलं तर अचूकता राहत नाही. मूठ मुठीच्या जागीच धरा, दांड्याला पाइप लावून लांबवू नका. गोटी पान्याखाली सरळ एक्स्टेंशन चालतं. रेंचच्या पुढे आडवा तोंडपाना लावला तर मात्र मोजणीच बदलते. काम संपलं की स्प्रिंगचा रेंच सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, आणि त्यानं जाम नट कधी सोडू नका.

ज्या रॉडमध्ये बोल्टची दोन्ही टोकं मापायला मोकळी असतात, तिथे याहून चांगला मार्ग आहे: लांबणं थेट मोजा. बोल्टची मूळ लांबी मायक्रोमीटरवर शून्य धरा आणि बनवणाऱ्यानं सांगितलेल्या वाढीपर्यंत नट आवळत जा. घर्षणाचा प्रश्नच मिटतो, कारण मधले नव्वद रुपये मोजायचे नाहीत, हातात आलेले दहाच मोजायचे आहेत. वेळ लागतो, चिकाटी लागते. ज्यांना शक्य आहे त्यांनी हेच करावं.

काही जुन्या इंजिनांत कंगोऱ्यांचे नट असतात, आणि नट फिरू नये म्हणून त्याच्या खाचेतून बोल्टच्या भोकात स्प्लिट पिन घालतात. पूर्ण पीळ दिल्यावर भोक जुळलं नाही तर नट मागे सोडून जुळवायचं नाही. पुस्तकानं दिलेल्या कमाल पिळाच्या आत पुढे नेऊन जुळतं का पाहा, नाहीतर नट बदलून पाहा. लॉकपत्री (वाकवून नट अडवणारी पातळ पत्री) असेल तर ती प्रत्येक वेळी नवी घ्या. चिकटवायचा द्रव पुस्तकात सांगितला नसेल तर रॉडच्या आट्यांना लावू नका, तो घर्षण बदलतो. बरोबर ताणलेला रॉडचा बोल्ट त्या ताणानंच जागेवर राहतो.

प्रत्येक रॉड पूर्ण झाला की क्रँक हातानं एक फेरा फिरवा. फिरणं एकदम जड झालं तर दोष आत्ताच लावलेल्या रॉडमध्ये आहे, पुढे जाऊ नका. चारही झाल्यावर क्रँक फिरवला तर दोष शोधायला सगळं पुन्हा उघडावं लागतं. रॉड क्रँकवर आडवा किंचित सरकतो का ते बोटानं बघा, फिलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) ती फट मोजा. बेरिंगमधली तेलाची फट मोजायची तर प्लॅस्टिगेजची, म्हणजे चेपून रुंद होणाऱ्या मऊ प्लॅस्टिकची, पट्टी चेपून बघता येते, पण त्यासाठी बोल्ट पूर्ण पिळावर आवळलेले असले पाहिजेत, अर्ध्यावर नाही. ती पट्टी जागेवर असताना मात्र क्रँक अजिबात फिरवायचा नाही.

आमच्या पद्मिनीला आम्ही नवे बोल्ट घातले. मी आवळायचो, काका बघायचे. एक नट पूर्ण झाला की त्याच्या डोक्यावरून कॅपवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायची, आणि भिंतीवरच्या कागदावर त्या नटासमोर फुली. सहाव्या नटाच्या वेळी फोन वाजला. मी बाहेर जाऊन बोलून आलो. रेघ ओढलेली नव्हती, आणि मला खात्रीनं आठवेना की शेवटचा पीळ दिला होता की नाही. रेंच लावून ‘टक्’ होतं का बघू, असं मी म्हणालो. काकांनी मान हलवली आणि तो नट सोडायला लावला, आट्यांना पुन्हा तेल, पुन्हा निम्मा, तीनचतुर्थांश, पूर्ण. मग रेघ, मग फुली. त्यानंतर उरलेले दोन नट होईपर्यंत फोन शेजारच्या खोलीत होता.